आईचे नाव: गोपी

टेबलावर नऊ कागद होते. सहा कागदांवर तिचं नाव शारदा होतं: पासपोर्ट, आधार कार्ड, लग्नानंतर पंचवीसएक वर्षांनी अजमेरच्या नगरपालिकेतून काढलेला लग्नाचा दाखला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, बँकेचं पत्र आणि पेन्शनचं पत्र. सातवा कागद लेकीच्या अमेरिकी नागरिकत्वाचा. त्यावर आईचं नाव घालायला जागाच नव्हती. आठवा लेकीचा जन्मदाखला. त्यावर आईच्या नावापुढे गोपी असं लिहिलं होतं. नववा कागद आजच्या टपालानं अमेरिकी सरकारकडून आला होता, आईला कायम इथे राहू द्यावं म्हणून लेकीनं केलेल्या अर्जावर. त्यात दोन्ही नावं एकाखाली एक छापली होती आणि खाली विचारलं होतं, की या दोन स्त्रिया एकच आहेत याला पुरावा काय.

"एवढंच ना?" लवीना म्हणाली. ती जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेतून घरी आली होती आणि अजून अंगातला कोटही काढला नव्हता. "कळवू त्यांना. गोपी तुझं लाडाचं नाव. माझ्या जन्माची नोंद करताना हशूमामानं घाईघाईत तेच सांगून टाकलं."

शारदा तव्यावरची कोकी, कांदा घातलेली जाड सिंधी पोळी, उलटत होती. कांदा करपायला लागला होता आणि तिला तो वास येत होता, तरी तिचा हात थांबला.

"लाडाचं नव्हतं," ती म्हणाली. "नाव होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे माझं नाव. शाळेत घातलं तेव्हा हेच होतं. लग्नात बदललं."

"आणि हे तू मला आज सांगतेस? मी आजोळी जायचे तेव्हा सगळे तुला गोपी, गोपी करायचे. मला वाटायचं, जसं तुम्ही मला लवी म्हणता तसं."

"तू विचारलं नाहीस. त्यात सांगायचं काय, पुट, लेकरा? सगळ्यांचीच बदलतात. तुझ्या आजीचं बदललं, मामीचं बदललं."

"माझं नाही बदललं."

"तुझ्या सासूनं नुसतं विचारलं होतं, तर तू दोन दिवस तिचा फोन घेतला नव्हतास."

लवीना हसली, उभ्यानंच अर्धी कोकी दह्याबरोबर खाल्ली, कागदांचे फोटो काढून वकीलबाईंना पाठवले आणि निघून गेली. खालच्या आवारातून तिची गाडी बाहेर पडेपर्यंत शारदा खिडकीशी उभी होती. वाहनतळाच्या कडेला ढकलून ठेवलेलं बर्फ मार्च संपत आला तरी वितळलं नव्हतं. मातीनं काळवंडलेला तो ढीग लांबून कोळशासारखा दिसायचा. पलीकडे तळं, तळ्याच्या काठाला बदकांसारखे मोठे पक्षी, आणि त्याच्याही पलीकडे कोलंबस शहराकडे जाणारा रस्ता. ती परत टेबलाशी आली. जन्मदाखल्यावरच्या त्या नावाकडे तिनं चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. एखादी ओळखीची बाई बाजारात समोरून यावी आणि आपण तिला हाक मारावी की नाही हे ठरेपर्यंत ती पुढे निघून जावी, तसं तिला झालं.

नाव बदललं तो क्षण तिला नीट आठवत नव्हता, याचं तिला आत्ता पहिल्यांदा नवल वाटलं. मीठ आठवत होतं. अजमेरच्या त्या घरात ती ओंजळीत मीठ धरून बसली होती. नव्या सुनेनं ओंजळीतलं मीठ नवऱ्याच्या ओंजळीत ओतायचं, त्यानं ते परत तिच्या ओंजळीत, असं तीनदा. मग सासऱ्यांशी, सासूशी, दिराशी, नणंदांशी. मीठ सांडायचं नाही. ती कच्छमधल्या आदिपूरची, तिचे वडील टहलराम कांडल्याच्या मिठागरात वजनकाट्यावर होते, घराच्या उंबऱ्यापर्यंत मीठ यायचं त्यांच्या चपलांना लागून. मिठाच्या बाबतीत तरी आपली फजिती होऊ नये एवढंच तिच्या मनात होतं. डोक्यावरून पुढे ओढलेल्या लाल ओढणीतून तिला फक्त हात दिसत होते, एकापाठोपाठ एक पुढे येणारे. सासूचे खरखरीत, सासऱ्यांचे थरथरणारे, धाकट्या नणंदेचे मेंदीनं ओले. आणि वर, ओढणीच्या बाहेर, पुरुषमाणसं बोलत होती. महाराजांनी पत्रिका पाहून अक्षर काढलं होतं, श. कुणीतरी म्हणालं, शीला ठेवा. सासू म्हणाली, शीला समोरच्या घरात आहे, एक हाक मारली तर दोघी येतील. कुणी म्हणालं, शांता. त्यावर सगळेच गप्प झाले, कारण शांता नावाची एक मावशी लग्नानंतर वर्षाच्या आत विधवा झाली होती. मग शारदा, सासरे म्हणाले. शारदा, शारदा, असं दोनचार आवाज म्हणाले, जसं कापड हाताला कसं लागतं ते पाहावं. मीठ तेव्हा दिराच्या ओंजळीत होतं. परत तिच्या ओंजळीत आलं तेव्हा ते तिनं अंदाजलं, जेवढं गेलं होतं तेवढंच परत आलं होतं, आणि तिला फार बरं वाटलं. सगळ्यांनी कौतुक केलं. ओंजळ रिकामी केल्यावर तळहाताच्या रेषांत मिठाचे बारीक खडे अडकून राहिले होते, ते तिनं कुणाचं लक्ष नाही असं पाहून चाटले.

परमानंदनं एकदाच विचारलं होतं. लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता, ती दोघं आनासागरच्या काठी फिरायला गेली होती आणि मागे नणंदा येत होत्या. तो पाण्याकडे पाहत हळूच म्हणाला होता, "तुला कोणतं आवडतं?" ती म्हणाली, "काय कोणतं?" "नाव." तिला वाटलं ही परीक्षा आहे. ती म्हणाली, "आता हेच." तो बरं म्हणाला, आणि नंतर चाळीस वर्षं त्यानं तिला नावानं हाकच मारली नाही. आधी ‘ऐक ना’ होतं, मग ‘लवीची आई’. खरं तर शारदा या नावानं तिला सासूशिवाय फारसं कुणी बोलावलंच नव्हतं. शेजारच्या मुली आंटी म्हणत, बँकेतला माणूस मॅडम म्हणे, इथे तळ्याभोवती फिरताना भेटणाऱ्या बायका नुसत्या हसत. शारदा कागदांवरच राहत होती. आणि गोपी आदिपुरात. दोघींची कधी गाठ पडली नव्हती, आणि आता परक्या देशातलं सरकार म्हणत होतं, दोघींना एकदम हजर करा.

वकीलबाईंचं उत्तर संध्याकाळी आलं. ते लवीनानं तिला सोपं करून सांगितलं. जूनच्या अखेरीपर्यंत मुदत होती आणि उत्तर एकदाच देता येणार होतं. सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे जन्मदाखला दुरुस्त करून आणायचा, आईच्या नावापुढे शारदा, आणि सोबत बाळंतपणाच्या वेळी हजर असलेल्या एखाद्या माणसाचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. नाहीतर आई आणि मुलगी दोघींची डीएनए चाचणी करता येत होती. पण दाखला चुकीचाच ठेवून नुसती चाचणी पुढे केली, तर समोरचा अधिकारी ती कशी घेईल याची खात्री वकीलबाई देत नव्हत्या. अर्ज नाकारला, तर शारदाला परत जावं लागणार होतं.

लवीनानं तिथल्या तिथे आदिपूरला हशूमामाच्या मुलाला, हरेशला, संदेश पाठवला. हरेश लवीनापेक्षा चार महिन्यांनी मोठा, आदिपुरात विजेच्या सामानाचं दुकान चालवणारा. दुसऱ्या दिवशी आत्याशी बोलायला त्याचा चेहरा फोनच्या पडद्यावर आला. "पुफी, तुम्ही मुळीच काळजी करू नका. नगरपालिकेत माझी ओळख आहे. मम्मी येऊन सही करेल, दोन आठवड्यांत नवा दाखला. जुनी नोंद खोडून नवी घालतात, हल्ली सगळं कम्प्युटरवर. जुनं नाव शोधलं तरी सापडायचं नाही." आणि शारदा म्हणाली, "बरं बाळा, कर." लवीनानं मागून येऊन तिच्या गळ्यात हात टाकले.

त्यानंतरचे दिवस शारदाचं कशातच लक्ष लागेना. दुपारी घरात ती एकटी असायची. जावई कामासाठी आठवडाभर शिकागोत, लेक प्रयोगशाळेत पाण्याच्या बाटल्या तपासत. ती कढीसाठी गवार निवडायला बसे आणि निवडलेल्या शेंगा कचऱ्यात व देठ पातेल्यात टाके. काय खुपतं आहे ते तिला धरता येत नव्हतं. हरेशचं एकच वाक्य सारखं कानात येई, शोधलं तरी सापडायचं नाही. ती शाळेत होती तेव्हाची गोपी, मोकळ्या रुंद रस्त्यावरून दोन वेण्या घालून वाऱ्यात जाणारी, हजेरीला उभी राहून ‘हाजिर’ म्हणणारी गोपी कुठे कुठे लिहिलेली होती, याचा ती मनाशी हिशोब करू लागली. शाळेच्या हजेरीत, पण शाळेची कपाटं भूकंपात गेली होती. मॅट्रिकच्या निकालात, तो अजमेरला जाताना बापाच्या घरी ठेवला आणि ते घरही भूकंपानं अर्धं पाडलं. वडिलांकडे तर स्वतःच्याच जन्माचा कागद नव्हता, सिंधमधून येताना कुणी कागद आणले नव्हते, छावणीतल्या माणसानं तोंडाकडे पाहून वय लिहून घेतलं होतं. ते कधी म्हणत, कागद नव्हता म्हणून आम्ही जन्मलो नाही का? पण ते असं म्हणत तेव्हा त्यांना टहलराम म्हणणारी दहा माणसं भोवती असत.

हिशोब संपला तेव्हा तिच्या हाती दोनच जागा उरल्या. एक तो दाखला. दुसरी, अजूनही गोपी म्हणणारं भाभीचं तोंड.

शनिवारी सकाळी भाभीचा फोन आला. रुकी भाभी, गेलेल्या हशूदादाची बायको, हरेशची आई. ऐंशीच्या घरात, कानानं कमी, त्यामुळे फोनवर ओरडून बोलणारी. लवीनानं फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"गोपी! अगं गोपी, जेवलीस का?"

"भाभी, इथे सकाळ आहे."

"मग नाश्ता केलास का? तिकडे म्हणे थंड दुधात कसलासा भुसा घालून खातात."

"मामी, मी खाते तो भुसा," लवीना ओरडली. "मम्मी कोकीच खाते."

"तू भुसाच खा. लहानपणी माझं दूध प्यायलीस म्हणून हाडं धरून आहेत अजून. गोपी, सोमवारी जाते बघ नगरपालिकेत. हरेश म्हणे मम्मी अंगठा दे. मी म्हटलं, अंगठा दे तुझ्या बायकोला, मी सही करते."

शारदाला हसू आलं. "तुला या वयात त्रास, भाभी. हशूदादाची चूक, आणि निस्तरायची तू."



"चूक? कुणाची चूक?" भाभी म्हणाली. "ऐकलंस का नीट? मी होते ना तिथे. तू तापानं फणफणलेली. ही लवी माझ्या एका मांडीवर, हरेश दुसऱ्या. ते नोंद करायला निघाले तर मी बजावलं, शारदा सांगा बरं, नाहीतर तिच्या सासरचे बोलतील. परत आले तर गोपी! मी म्हटलं, अहो, काय केलंत हे? तर मला म्हणतात, कारकुनानं विचारलं, पोरीच्या आईचं नाव काय. पोर माझ्या बहिणीला झाली आहे. शारदाबिरदा मी कुणाला ओळखत नाही."

शारदानं फोन जवळ ओढला.

"लग्नाला तुझ्या तीन वर्षं झाली होती, तरी त्यांनी तोंडानं कधी शारदा म्हटलं नाही. तुझी पत्रं यायची ना अजमेरहून, खाली शारदा लिहिलेली? ती वाचून घडी घालायचे आणि म्हणायचे, रुकी, ही कोण बाई आहे ठाऊक नाही, पण गोपीची खुशाली नेमानं कळवते. चांगली बाई दिसते. गोपी? ऐकू येतंय ना? हरेश, बघ रे, फोन मेला वाटतं."

"ऐकू येतंय, भाभी," शारदा म्हणाली. तिच्या समोरच्या टेबलावर कोकीचे दोन तुकडे पडले होते, ते ती बोटानं एकत्र करत होती. तिला तो ताप आठवत होता. आदिपूरच्या त्या लहानशा सूतिकागृहात तीन पाळणे होते आणि ताप उतरल्यावर भाभीनं कापडात गुंडाळलेलं एक ओझं तिच्या कुशीत ठेवून म्हटलं होतं, घे गं, तुझी. दार अर्धं उघडं होतं आणि दारात हशूदादा उभा होता. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांनी येऊ नये म्हणून उंबऱ्याबाहेर. त्याच्या हातात एक कागद होता. तो तिला दाखवून त्यानं घडी करून खिशात ठेवला आणि हसला होता. ते हसणं तिला इतकी वर्षं भाची झाल्याचं वाटत आलं होतं.

"भाभी," ती म्हणाली, "सोमवारी जाऊ नकोस."

लवीनानं फोन बंद केला. "मम्मी, हे काय चाललंय?"

"दाखला आहे तसा राहू दे."

"एक ओळ बदलायची आहे फक्त. तू तीच राहणार आहेस."

"मी राहीन गं. ती राहायची नाही."

"ती म्हणजे तूच! तेच तर आपल्याला त्या लोकांना पटवायचं आहे!" लवीनाचा आवाज चढला. "आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

"तर जाईन अजमेरला."

"तिथे कोण आहे तुझं?"

तिथे कुणी नव्हतं. तीन खोल्या होत्या, दुसऱ्या मजल्यावर. एक नळ होता, त्याला सकाळी पाणी यायचं. परमानंदची खुर्ची होती, ती गॅलरीतून आत घेतली की घर लहान वाटायचं आणि बाहेर ठेवली की कबुतरं बसायची. गेल्या थंडीत ती न्हाणीघरात घसरून पडली होती आणि दूधवाला येईपर्यंत तशीच बसून होती. हे तिनं लेकीला सांगितलं नव्हतं, शेजारणीनं सांगितलं होतं, आणि त्यानंतरच हे सगळे कागद सुरू झाले होते. तिला तिकडे जायचं नव्हतं. रात्री पलीकडच्या खोलीत लवीना कूस बदलली की पलंग कुरकुरतो, तो आवाज ऐकून आपल्याला झोप लागते हे तिला पक्कं माहीत होतं. माहीत असूनही ती म्हणाली, "दादानं मला एका ठिकाणी ठेवलंय, लवी. तिथून मला माझ्याच हातानं काढायला सांगू नकोस."

लवीना उठली, तिनं कोट घातला आणि दार न आपटता बाहेर गेली. शारदानं खिडकीतून पाहिलं, ती गाडीकडे गेली नाही. तळ्याला फेरी घालत होती, खिशात हात घालून, मान खाली. बापासारखी चालायची, डावा पाय किंचित बाहेर टाकत. ते मोठे पक्षी तिच्या वाटेतून नाराजीनं बाजूला होत होते. दुसऱ्या फेरीला ती थांबली, पाण्याकडे पाहत राहिली, आणि मग फोन काढून कुणाशी तरी बराच वेळ बोलली.

परत आली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं.

"आमच्याकडे बाटलीवरची चिठ्ठी आणि यादीतलं नाव जुळलं नाही, तर आम्ही ती बाटली बाजूला काढतो," ती म्हणाली. "पाणी कसं आहे ते बघतसुद्धा नाही. नियम आहे." ती शारदाच्या समोर बसली. "वकीलबाईंशी बोलले. मामीचं प्रतिज्ञापत्र घेऊ, दोन्ही नावांचं, काय झालं ते सगळं. दाखला तसाच. आणि चिठ्ठी राहू दे, आपण पाणीच तपासू. दोघी जाऊ."

"चालेल त्यांना?"

"माहीत नाही. वकीलबाईंनाही माहीत नाही." तिनं टेबलावरचा कोकीचा तुकडा उचलून तोंडात टाकला. "मामीचं दूध मात्र त्यात दिसायचं नाही हं. तिला सांगू नकोस."

चाचणीचं केंद्र एका दातांच्या दवाखान्याशेजारी होतं. रांगेनं खुर्च्या, भिंतीवर डोंगराचं चित्र. लवीना अर्ज भरत होती. एका ओळीशी ती थांबली आणि पाटी आईकडे सरकवली. पूर्वी वापरलेली इतर नावे, असं तिथे होतं. "हे तू लिही." शारदानं पेन घेतलं. इंग्रजी मोठी अक्षरं, चार. शेवटची ती तिनं कधी लिहिली होती? मॅट्रिकच्या पेपरावर. तेव्हाही हात असाच घामेजला होता. अक्षरं वेगवेगळ्या उंचीची आली.

मग वाट पाहताना, एकाएकी, तिला ते तीन पाळणे दिसले. ताप. कापडात गुंडाळलेलं ओझं. घे गं, तुझी. तिनं घेतलं होतं. भाभीच्या शब्दावर घेतलं होतं. असा विचार तिच्या मनात कधीही आला नव्हता, आणि आता तो आला आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्यासारखा बसून राहिला. तिनं लेकीकडे पाहिलं. लवीना भिंतीवरच्या डोंगराकडे बघत अंगठ्याच्या नखानं तर्जनीची कड खरवडत होती. परमानंदची सवय. पण त्यांना बापाबद्दल काही विचारायचं नव्हतं. आईबद्दल विचारायचं होतं, आणि लेकीच्या चेहऱ्यात स्वतःचं काय आहे हे शारदाला कितीही शोधलं तरी सापडेना. माणसाला आपला चेहरा आठवत नाही, तिला वाटलं, गोपीचा तर मुळीच नाही.

आतलं दार उघडलं. निळ्या सदऱ्यातली एक धिप्पाड बाई हातात पाटी घेऊन उभी होती. तिनं पहिल्या ओळीतलं लांब नाव मनाशी वाचून पाहिलं, ओठ हलवले, नाद सोडला आणि खालच्या ओळीवर आली.

"गोपी?" ती म्हणाली. "गोपी कोण आहे?"

लवीना मान वळवायच्या आत शारदा उभी राहिली होती. गुडघा दुखतो हेही तिच्या ध्यानात राहिलं नाही. "हाजिर," ती म्हणाली.

"बरोबर म्हटलं का मी? माफ करा हं, वरचं काही जमेना मला."

"बरोबर म्हटलं," लवीनानं तिच्या भाषेत सांगितलं.

"छान नाव आहे. या बाई, बसा. तोंड उघडा. दुखत नाही, दात घासल्यासारखंच." कापसाच्या काडीचं टोक गालाच्या आतून फिरलं, आधी उजवीकडे, मग डावीकडे. त्याला कसलीच चव नव्हती. शेजारच्या खुर्चीत लवीना तोंड उघडून बसली, लहानपणी औषध घ्यायला बसायची तशी, डोळे घट्ट मिटून, आणि न बघता तिनं हात लांब करून आईचा हात धरला. तळवे दोघींचे ओले होते. बाईनं काड्या चार वेगळ्या पाकिटांत घातल्या आणि पाकिटं बंद केली.

अहवाल मे महिन्यात आला. लवीनानं तो टेबलावर जन्मदाखल्याशेजारी ठेवला. आईच्या रकान्यात लिहिलं होतं: शारदा परमानंद खेमानी, इतर नाव गोपी. अपत्याच्या रकान्यात: लवीना परमानंद खेमानी. डीएनएमधली तपासलेली स्थानं एकवीस. जुळलेली एकवीस. मातृत्वाची संभाव्यता ९९.९९९८ टक्के.